मोठ्या गाडीचा कार्बोरेटर

डोमा मच्छीवाल्याच्या गाडीला मोठ्या गाडीचा कार्बोरेटर आहे, ही गोष्ट त्या हंगामात वडशापासून कुरखेड्याच्या पुढल्या जंगलातल्या गावांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाली होती. ठाऊक नसायला झालं काय? डोमा स्वतःच सांगत सुटला होता. मरळीचे कल्ले उघडून दाखवता दाखवता सांगायचा, तराजूत झिंगे टाकता टाकता सांगायचा. गाडी शंभर सीसीची, जुनी, कंपनीनं काढणं कधीच बंद केलेली. पण कार्बोरेटर दीडशे सीसीचा! आणि तो बसवला कुणी, तर वडशाच्या दसरू मिस्त्रीनं. "माझा लहान भाऊ हाये तो," एवढं म्हणून डोमा थांबायचा, म्हणजे समोरच्या बाईनं मान हलवावी. ती बिचारी हलवायची. मग डोमा खुशीत एक मूठ झिंगे तिच्या टोपलीत वरून टाकायचा.

आणि इकडं वडशात दसरूच्या कानावर ही गोष्ट कुणाकडून आली, की त्याच्या हातातला पाना घसरायचा. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, ते काही उगीच नाही.

दसरूला कुणी वाईट मिस्त्री म्हणू नये, हे आधीच सांगून ठेवतो. वैनगंगेच्या काठच्या ढिवरटोलीतला हा पोरगा. बाप तापानं गेला तेव्हा थोरल्या डोमानं शाळेचं दप्तर खुंटीला अडकवलं आणि बापाचं जाळं खांद्यावर घेतलं. धाकट्याचे हात खटपटे होते. कुणाच्या सायकलची चैन, कुणाच्या हातपंपाचा वायसर, दिसेल ते उघडून बसायचा. डोमानं तेव्हाच ठरवलं, याला पाण्यात उतरवायचं नाही. नागपूरच्या एका गॅरेजात त्याला शिकायला ठेवलं, आणि शिकून आल्यावर कुरखेडा रोडला टिनाचं शेड टाकून दिलं. शेडचे बांबू डोमानं तोडले, टिन डोमानं बैलगाडीत आणले, आणि पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा म्हणाला, माझं नाव नको टाकू, मच्छीचा वास येईल. म्हणाला आणि स्वतःच हसला. दसरूही हसला होता. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

दसरूचा हात होता कार्बोरेटरवर. आता कार्बोरेटर म्हणजे काय, तर गाडीच्या स्वैपाकघरातली बाई समजा. हवा किती, पेट्रोल किती, याचं माप तिच्याकडं. पेट्रोल जास्त झालं की काळा धूर, कमी झालं की इंजिन तापून लाल. माप ठरतं जेटवर. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याला केसाएवढं भोक. दसरू नुसत्या आवाजावरून सांगायचा, जेट कचऱ्यानं बुजला आहे की कुण्या बयताडानं तार घालून मोठा करून ठेवला आहे. आता नव्या गाड्यांना कार्बोरेटर येत नाहीत, पण आपल्याकडं नव्या गाड्या आहेत किती? जुन्यांचे पार्ट मिळेनात, म्हणून एका मॉडेलचा कार्बोरेटर दुसऱ्या मॉडेलला बसवून घ्यायला लोक दसरूकडं लांबून लांबून यायचे.

असाच एक दिवस गुणवंतराव आला.

वडशात राहून गुणवंतरावाला ओळखत नाही असा माणूस नाही. नाटक कंपनीचा मालक. दिवाळी झाली की झाडीपट्टीतल्या गावोगावची मंडळं वडशात येतात, आमच्या गावचं नाटक ठरवा म्हणून ऑफिसांच्या पायऱ्या चढतात. गुणवंतराव मात्र ऑफिसात बसून वाट पाहणारा नव्हता. स्वतः गावोगाव जायचा, पाटलाच्या ओसरीवर बसायचा, चहा प्यायचा आणि तारीख पक्की करूनच उठायचा. दारात चारचाकी उभी असूनही जायचा जुन्या मोटरसायकलवर, कारण कंपनी काढली तेव्हा पहिली तारीख त्या गाडीवर जाऊन ठरली होती. तिच्याशिवाय गेलो तर तारीख फिसकटते, अशी त्याची पक्की समजूत. नाटकवाले लोक, कोण काय बोलणार?

त्या गाडीचा कार्बोरेटर गेला. कुणीतरी नट जास्त आवळून बोल्ट बसायचा कानच तडकवला होता, आतली स्लाइडही घासून सैल झालेली. वडशाच्या बाजारात तो पार्ट नाही, नागपुरात मिळाला तर मिळाला. आणि गुणवंतरावाला सकाळी निघायचं होतं. तो दसरूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की तू काहीही कर, पण ही गाडी चालू कर. आमचं नाटक लागेल त्या प्रत्येक गावात, पडदा उघडायच्या आधी, माईकवरून तुझ्या गॅरेजचं नाव पुकारतो.

बस. तिथंच दसरू गेला कामातून. माईकवरून नाव! शेडच्या पत्र्याखाली तेलानं माखलेल्या माणसाला याहून मोठं काय असतं?

शेडमध्ये एका बाजूला डोमाची गाडी उभी होती. नेमकी त्याच मॉडेलची. चैन बदलायला डोमा ती ठेवून सासुरवाडीला गेला होता. कॅरिअरला मच्छीचा डबा, डब्याच्या कडांना सुकलेले खवले, आणि वास तर काय विचारता. गुणवंतरावाची नजर गाडीवर गेली आणि रुमाल नाकावर गेला. ही तर माझ्याच गाडीची बहीण आहे, असं रुमालातून हसून त्यानं विचारलं, कोणाची आहे ही?

दसरूनं त्या रुमालाकडं पाहिलं. आणि म्हणाला, "गिऱ्हाईक हाये कोनी. मच्छीवाला."

शेण खाल्लं, दुसरा शब्द नाही याला. 'भावाची' म्हणायला काय झालं होतं? तीन अक्षरं. त्याचं त्यालाही नंतर कधी कळलं नाही, की जीभ अशी कशी वळली. कार्बोरेटर हवा होता तर डोमाला एक फोन लावायचा होता. डोमा म्हणाला असता, काढ ना, विचारतो काय मले. पण फोन लावायचा म्हणजे गुणवंतरावासमोर 'भाऊ' म्हणायला लागलं असतं, आणि तोपर्यंत तर भावाचा कोणी मच्छीवाला होऊन गेला होता.

दसरूनं डोमाच्या गाडीचा कार्बोरेटर खोलला आणि गुणवंतरावाच्या गाडीला चढवला. एका किकमध्ये गाडी चालू. गुणवंतराव खूश, दसरू खूश. नागपूरहून नवा येईल, तो भाऊच्या गाडीला लावून टाकू, भाऊला पत्ताही लागणार नाही, असं त्यानं मनाशी धरलं. करायला गेले गणपती, झाला मारुती, तो असा.

डोमा दुसऱ्याच दिवशी परत आला. टोलीच्या तलावावर जाळं पडणार होतं, माल निघणार होता, गाडी लगेच हवी होती. आता काय करायचं? भंगारात दीडशे सीसीच्या एका गाडीचा कार्बोरेटर पडला होता. दसरूनं तो धुतला आणि बसवायला घेतला. बोल्टांची भोकं जुळेनात, म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी कापून, कानशीनं घासून मधे दिली. तोंड मोठं, इंजिनाचा घास लहान, म्हणून रबराचा पाइप कापून क्लॅम्प मारला. दीडशेच्या जेटनं शंभरच्या इंजिनात पेट्रोलचा पूर आला असता, तेव्हा जेट कथलानं बुजवून बारीक ड्रिलनं नवं भोक पाडलं, सुईची क्लिप सगळ्यात वरच्या खाचेत नेली. काम पाहिलं असतं तर नागपूरच्या उस्तादानंही पाठ थोपटली असती. इतकं मन लावून दसरूनं दुसरं काम केलं नव्हतं, आणि इतकी घाण वाटत असताना तर नाहीच.

डोमानं येऊन पाहिलं. हा कोणता लावला, म्हणून विचारलं. दसरू खाली बघून म्हणाला, "तुझा खराब झाला होता, भाऊ. हा मोठ्या गाडीचा टाकून देल्ला. पिकअप भेटन."

डोमा खाली बसला. मासळीनं चिरलेल्या बोटांनी त्यानं कार्बोरेटर चाचपला, पट्टी पाहिली, क्लॅम्प पाहिला. किती वेळ गेला असेल यात, तो म्हणाला. दसरू पाने गोळा करू लागला. डोमाचे डोळे भरून आले होते. लहानपणी पोसलेला भाऊ आपल्यासाठी आपल्या हातानं काही घडवतो, याचा त्याला केवढा आनंद झाला होता, हे कुणालाही दिसलं असतं. दसरूला तर ते अंगावर आलं. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. नाही सांगितलं.

आणि मग डोमा गावोगाव सांगत सुटला, ते तुम्ही ऐकलंच.

आता खरी मजा पुढं. मजा कसली, फजिती. मोठ्या तोंडाचा कार्बोरेटर धावत्या गाडीवर चालून जातो. पण लहान इंजिन हळू फिरत असलं की त्या मोठ्या तोंडातून हवा जोरानं ओढली जात नाही, पेट्रोल नीट वर येत नाही आणि गाडी भस्सकन बंद पडते. डोमाचा धंदा काय? दर दाराशी थांबणं. थांबला की गाडी बंद. मग किक, किक, किक. बर्फ वितळतो आहे, मासळीचे डोळे पांढरे पडताहेत, आणि हा रस्त्यात उभा राहून किक मारतो आहे. लोक विचारायचे, काय डोमाभाऊ, मोठा कार्बोरेटर आणि असा काऊन? तर म्हणायचा, पेट्रोलच खराब येऊन राह्यलं. नाहीतर म्हणायचा, गाडी मोठी झाली, मलेच चालवता येत नाई.

दसरूला हे कळलं ते वहिनीकडून. कुंतावहिनी बाजाराला आली होती. जाता जाता म्हणाली की यांचा उजवा पाय पोटरीपासून सुजला आहे, रोज विटेनं शेकून देते, पण तुम्हाला सांगायची बंदी आहे. भावानं हौसेनं बसवलं, त्याला वाईट वाटेल म्हणतात. दसरू तिच्यासमोर नुसता मान हलवत उभा राहिला. ती गेली, आणि तो शेडच्या मागं जाऊन बसला. आपण किती हलकट माणूस आहोत, हे त्याला त्या दिवशी लख्ख दिसलं.

दर सुट्टीच्या दिवशी तो टोलीवर जायला लागला. जेट परत बुजव, परत पाड. क्लिप एक खाच खाली. हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत, पाव फेरा बाहेर. धूर थांबला, धावताना गाडी सोन्यासारखी झाली, पण दाराशी थांबली की मेलीच. मापच चुकीचं, तिथं जेट तरी काय करणार? डोमा बाजूला बसून कौतुकानं बघायचा. सुट्टीचा दिवस सोडून येतो, बघा, असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचा. वहिनी चहा आणून द्यायची. तो चहा दसरूजवळ गार होऊन जायचा.

शेवटी नागपूरहून नेमका पार्ट आला. दसरू त्याच दिवशी तो घेऊन टोलीवर गेला. म्हणाला, भाऊ, हा मोठा काढतो, तुझ्या मापाचा बसवतो. डोमा ऐकेना. दसरूनं हट्ट धरला, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आता काढला तं लोक काय म्हनतीन? दसरूचं काम फसलं म्हनतीन. राहू दे. पायाचं काय, होते सवय."

अरे बाप्पा! ज्याच्या नावासाठी हा सुजल्या पायानं किक मारतो आहे, त्यानंच याला परका करून ठेवलं होतं. दसरू पार्टचा खोका बगलेत धरून परत आला. वाटेत त्यानं ठरवलं, आता भाऊला सगळं सांगायचं. मच्छीवाला म्हटलेलं सुद्धा सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते भाऊच्या कानावर पडलं तर आपण जन्मात त्याला तोंड दाखवू शकणार नाही. ठरवलं खरं, पण ठरवणं आणि सांगणं यांत वैनगंगेएवढं पात्र असतं.

कारण तोवर गुणवंतरावानं शब्द पाळायला घेतला होता. गावोगावच्या नाटकांत दसरूच्या गॅरेजचं नाव पुकारलं जात होतं. गिऱ्हाईक वाढलं, आणि डोमाची छाती तर आणखीच फुगली. जंगलातल्या गावांत बाया त्याला सांगायच्या, तुझ्या भावाचं नाव माईकवर ऐकलं. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि संक्रांतीनंतर टोलीच्या गावानं नाटक ठरवलं. गुणवंतरावाच्याच कंपनीचं.

आपल्याकडं गावात नाटक म्हणजे नुसतं नाटक नसतं. घरोघर पाहुणे उतरतात. लेकी येतात, जावई येतात, व्याही येतात, नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जमतात. डोमाचं अंगण पाहुण्यांनी भरलं. आणि या बहाद्दरानं काय केलं, तर मांडव बघायला सकाळीच आलेल्या गुणवंतरावाला दुपारच्या जेवणाचं आवतण देऊन टाकलं. ज्यानं माझ्या भावाचं नाव गावोगाव नेलं, त्याला माझ्या हातची मरळ खाऊ घालतो म्हणाला.

दसरूला हे टोलीवर पोचल्यावर कळलं. तो तसाच तलावाच्या पाळीवर गेला. डोमा दगडावर मरळ घासत होता. दसरू त्याच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, भाऊ, तुले एक सांगाचं हाये. डोमानं वर पाहिलं, सांग ना म्हणाला. एवढा मोकळा चेहरा होता, की दसरूनं बोलणंच फिरवलं. मसाला पुरेल का, असं काहीतरी विचारून तो मोकळा झाला. एवढ्यात दोन पाहुणे पाळीवर आले, आणि संधी गेली. गेली कसली, त्यानंच घालवली.

दुपारी अंगणात पंगत बसली. गुणवंतरावाला खुर्ची दिली होती, पण तो मोठ्या मनानं खाली सतरंजीवर बसला. माणूस वाईट नव्हता. मरळ पहिल्या घासालाच आवडली, तोंडभरून वाखाणली. डोमानं लगेच भिंतीशी उभ्या असलेल्या गाडीकडं बोट दाखवलं आणि सुरू केलं, की साहेब, ही आमची गाडी, हिला दसरूनं मोठ्या गाडीचा कार्बोरेटर बसवून दिला. पाहुण्यांनी कौतुकानं माना हलवल्या. दसरूच्या हातातला घास हातातच राहिला.

गुणवंतराव म्हणाला, या पोराच्या हाताचं मला काय सांगता? आणि त्यानं त्याची गोष्ट सुरू केली. नाटकवाला तो, सुरू केली की पडदा पडेपर्यंत थांबणारा नव्हता. गाडी कशी अडली, पार्ट कसा मिळेना, सकाळी निघायचं कसं होतं, सगळं रंगवून सांगितलं. मग म्हणाला, शेडमध्ये माझ्याच मॉडेलची एक गाडी उभी होती. मी विचारलं कोणाची, तर हा म्हणतो, गिऱ्हाईक आहे कोणी मच्छीवाला. आणि एका घटकेत त्याचा कार्बोरेटर काढून माझ्या गाडीला! त्या मच्छीवाल्याचं पुढं काय झालं देव जाणे, म्हणून गुणवंतराव खदखदून हसला.

त्याच्याबरोबर कोणीच हसलं नाही. वाढायला आलेली कुंतावहिनी कढईतला डाव तसाच धरून थांबली. गुणवंतरावाची नजर भिंतीशी उभ्या गाडीवर गेली, डब्यावर गेली, आणि त्याचं हसणं अर्ध्यात विरलं. दसरूला वाटलं, धरणी फाटावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. त्यानं मान वर केली नाही. केली असती तरी कुणाकडं पाहणार होता?

मग डोमाचा आवाज आला. रोजच्यासारखाच.

"तो मच्छीवाला मीच, साहेब. मीच सांगतलं होतं याले, साहेबाची गाडी अडली तं माझा काढून दे म्हनून. नाव नको सांगू म्हनलं. उगाच उपकार वाटते."

आणि त्यानं वहिनीच्या हातातला डाव घेऊन गुणवंतरावाच्या ताटात मरळीचा आणखी एक तुकडा वाढला. अंगणानं सुटकेचा श्वास सोडला. गुणवंतरावानं उष्ट्या हातानंच नमस्कार केला, असा भाऊ नशिबानं भेटतो म्हणाला. पाहुणे म्हणाले, भेटतेच नशिबानं. एका व्याह्यानं तर दसरूच्या पाठीवर थाप मारली. डोमा सगळ्यांना वाढत पुढं गेला. दसरूच्या ताटातही वाढलं. पण त्याच्याकडं पाहिलं नाही.

त्यानं सगळ्यांदेखत थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. स्वतःसाठी कधी खोटं न बोललेला माणूस आपल्यासाठी पाहुण्यांच्या पंगतीत घडाघडा खोटं बोलला, आणि आपण ते खाली मान घालून, भातात कालवून खाल्लं. दसरूला भडभडून आलं. पण रडायचीही सोय नव्हती, कारण सगळे त्याचं अभिनंदन करत होते.

परसात हात धुवायला गेला तेव्हा डोमा पाण्याचा गडवा घेऊन उभा होता, पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत. दसरूनं हात पुढं केले आणि म्हणाला, भाऊ, मी... डोमा म्हणाला, पाहुने हायेत, हात धू. पाणी घातलं, आणि मागच्या माणसाकडं वळला.

बोलली ती वहिनी. भांडी घासत होती, तिथूनच, मान वर न करता.

"कारबेटराचं काईच नाई, भाऊजी. मांगतला असता तं त्यायनं आख्खी गाडी देल्ली असती तुमाले. पन कोनी मच्छीवाला?"

दसरू तिथून निघाला तो नाटकाला थांबला नाही. पडद्याआधी त्याच्या गावात त्याचं नाव पुकारलं गेलं म्हणे, आणि टाळ्याही पडल्या म्हणे. त्यानं त्या ऐकल्या नाहीत, एवढंच एक बरं झालं.

त्यानंतर डोमा बरेच दिवस वडशाला आला नाही. दसरूनं फोन लावला की वहिनी उचलायची, ते तलावावर गेले म्हणायची. मग एकदा तिनंच निरोप दिला, की पायानं फार त्रास चालवला आहे, मोठा कार्बोरेटर काढून घ्यायला येतो म्हणतात. दसरूनं नागपूरचा खोका काढून ठेवला, पेट्रोलनं धुतलेला पार्ट पुन्हा धुतला. भाऊ आला की शेडचा पडदा ओढून पायच धरायचे, असं ठरवलं.

डोमा आला तो भर बाजाराच्या दिवशी. शेडमध्ये गर्दी होती. एरवी डोमा यायचा म्हणजे गाडी ढकलत थेट आत, दसरूच्या हातातलं काम बाजूला सारून, माठातलं पाणी पिऊन, गिऱ्हाइकांना सरका सरका म्हणत. त्या दिवशी त्यानं गाडी बाहेर झाडाखाली लावली आणि गिऱ्हाइकांच्या फळीवर शेवटी जाऊन बसला. दसरूनं आतून हाक मारली, भाऊ, आत ये ना. डोमा म्हणाला, नाई, हे माझ्या आधीचे हायेत, होऊ दे त्यांचं. आवाजात राग नव्हता. रागच नव्हता, म्हणून दसरूला पुन्हा हाक मारता येईना.

फळीवर शेजारी धानोऱ्याकडचा एक माणूस बसला होता, पहिल्यांदाच आलेला. त्यानं डोमाला विचारलं, इथला मिस्त्री कसा हाये?

दसरूचा हात थांबला. या प्रश्नाला डोमाचं उत्तर सगळ्या मुलखाला पाठ होतं. तो कान देऊन राहिला.

"बेस हाये," डोमा म्हणाला. "हात चांगला हाये त्याचा."

त्या माणसानं विचारलं, ओळखीचा हाये का?

"गाडी इथीच आनतो मी," डोमा म्हणाला, आणि आपली सुजलेली पोटरी चोळत रस्त्याकडं पाहत बसला.

दसरूनं पाना टाकला. तेलकट हातांनीच तो बाहेर आला, फळीसमोर उभा राहिला, आणि त्या अनोळखी माणसाला, सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाऊ हाये हा माझा. मोठा भाऊ. यानंच मले लहानाचं मोठं केलं."

फळीवरचे सगळे वळून पाहू लागले. धानोऱ्याच्या माणसानं एकदा दसरूकडं पाहिलं, एकदा डोमाकडं, आणि साध्या मनानं विचारलं, "मंग भावाले बाहीर काऊन बसवलं?"

दसरूनं डोमाकडं पाहिलं. पण डोमा या खेपेला त्याच्या वतीनं काही बोलला नाही.